गंगीमावशीचा तेव्हाचा गळा

आमच्या पाड्यात लग्न लावायला भटजी लागत नाही. लागते ती धवलेरी. ती बाई असते, तिच्याकडे पोथी नसते, आणि दक्षिणेवरून ती घासाघीसही करत नाही. लुगडं, नारळ आणि पोटभर जेवण मिळालं की तिचं भागतं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेल्या लग्नचौकासमोर पाटावर बसून ती गाते. गाता गाता एकेका देवाला हाक मारून मांडवात बोलावते, हिरव्याला, हिमाईला, कणसरीला, नारनदेवाला. सगळे येऊन बसले की त्यांच्यासमोर नवरानवरीची नावं घेते. कुणाची लेक, कुणाचा लेक, कुठल्या पाड्याचा. नावं घेतली की लग्न लागलं. तोवर बाशिंग बांधून कितीही नाचा, तुम्ही कुवारेच.

खोडाळ्याच्या खालच्या अंगाला आमचे पाडे आहेत. तिथली धवलेरी म्हणजे माझी गंगीमावशी, आईची धाकटी बहीण. मी जव्हारला शाळेत शिकवते, पर्स घेऊन एसटीनं ये-जा करते, म्हणून पाड्यातले लोक मला 'बाई' म्हणतात. मावशी मात्र अजून 'शेंबडी'च म्हणते, तेही माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांसमोर.

मावशी दिसायला काटकुळी. वाऱ्यानं उडून जाईल असं वाटायचं, पण पाटावर बसली की मांडव तिच्या ताब्यात. आमच्या घरच्या बोलीत अहो-जाहो नाही, देवालाही तू आणि साहेबालाही तू, त्यामुळे ती कुणाचीच भीड ठेवत नसे. एका नवरदेवानं गॉगल घातला होता. तिनं देवांना बोलावता बोलावता गाणं थांबवलं आणि म्हणाली, "देव आलेत. त्यांना डोळं दाव." पोरानं गॉगल काढून खिशात घातला तेव्हा गाणं पुढं सुरू झालं. दुसऱ्या एका लग्नात वरबाप दारू टाकून आला होता आणि सारखा मध्ये मध्ये बोलत होता. त्याला तिनं गाण्याच्याच चालीवर दोन शिव्या घातल्या. लोकांना वाटलं, हेही गाण्यातलंच आहे.

हे सगळं ती सकूआजीकडून शिकली. सकूआजी तिच्या आधीची धवलेरी. सकूआजीचा नवरा वारला त्या वर्षी ती पाटावरून उठली आणि मावशी बसली. कारण धवलेरी सवाशीणच लागते. कपाळाला कुंकू नसलेल्या बाईनं चौकासमोर नवरीचं नाव घेतलं तर तिचं नशीब नवरीला लागतं, असं आमच्यात मानतात. तेव्हा मावशीला त्यात काही वाटलं नव्हतं, आणि मलाही नाही. पाऊस सरला की इरली वळचणीला टांगतात, तशी सकूआजी बाजूला झाली. त्यात रडण्यासारखं काय होतं?

मावशीचा नवरा सावळा, माझा मावसा. माणूस इतका मुका की घरात आहे की शेतावर हे कळू नये. नागली-वरईची थोडी शेती, आणि दिवाळीनंतर ठाण्याकडे बांधकामावर मजुरी. लग्नसराईला मात्र तो हटकून घरी येई आणि मावशीच्या मागोमाग प्रत्येक लग्नाला जाई. मांडवाच्या खांबाला टेकून बसायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. गाण्यात काही इकडचं तिकडं झालं की फक्त त्यालाच कळे, आणि घरी येताना तो तेवढं एकच वाक्य बोले. मावशी मग पाड्यापर्यंत त्याला झोडपत येई.

शेजारच्या घरातला तुषार ठाण्याला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. त्याच्या बहिणीच्या, प्रतिक्षाच्या, लग्नात त्यानं पाटाजवळच्या खांबाला मोबाइल बांधला आणि मावशीचं अख्खं गाणं भरून घेतलं. मग ते या मोबाइलातून त्या मोबाइलात असं सगळीकडे गेलं. भात झोडताना खळ्यावर ते वाजू लागलं, खोडाळ्याच्या बाजारात वाजू लागलं. शेजारच्या वांगणी गावची पोरं मुंबईकडे कामाला असतात, ती रात्रपाळीला कानात घालून ऐकतात म्हणे. तुषारनं ते अंगणात मावशीला ऐकवलं तेव्हा मी तिथं होते. तिनं जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "ही बाई कोन? हिला पानी द्या कोनीतरी." मावसा हसला आणि तुषारला म्हणाला, "परत लाव." त्या दिवशी तो इतकंच बोलला.

पुढच्या पावसाळ्यात मावशाला कावीळ झाली. आधी पाल्याचं औषध, मग मोखाडा, मग जव्हार, मग नाशिकला न्या म्हणाले, आणि नाशिकच्या वाटेवर घाटातच तो गेला. मावशीनं बांगड्या फोडताना आवाज केला नाही. गळा म्हणून जो काही होता, तो त्या दिवशी तिनं घरात नेऊन ठेवला.

मग माघ आला आणि लग्नं उभी राहिली. आता गाणार कोण? सकूआजी विधवा, मावशी विधवा. पोरी आश्रमशाळेत जातात, मग वीटभट्टीवर नाहीतर कंपनीत. देवांना बोलवायचं गाणं शिकायला कुणाकडे वेळ होता? मावशीच्या लेकीला, सपनाला, गाण्याचे तुकडे तुकडे येत होते, पण तिचंही लग्न व्हायचं होतं. मांडव घातलेला, पाहुणे आलेले, आणि पाट रिकामा. तेव्हा तुषार म्हणाला, "मावशीचं गाणं आहे ना आपल्याकडं. स्पीकरवर लावू."

सगळे माघ्या भगताकडे गेले. माघ्याबाबा आमच्याकडचा देवाधर्माचा शेवटचा शब्द. तो बिडी ओढत राहिला. शेवटी त्यानं तुषारला विचारलं, "हा गळा कव्हाचा?"

"प्रतिक्षाच्या लग्नातला."

"तव्हा सावळा व्हता?"

"व्हता की. खांबाला टेकून बसला व्हता."

"मंग तो सवाशीनीचा गळा हाय," माघ्याबाबा म्हणाला. "चालंल."

झालं. जव्हारहून हारुनभाईचा स्पीकर आला. हारुनभाई मांडव, खुर्च्या आणि स्पीकर भाड्यानं देतो. त्यानं स्पीकर खाली ठेवला, तर बायांनी तो उचलून धवलेरीच्या पाटावर ठेवला, त्याच्या जाळीला हळद लावली, कुंकू लावलं आणि पुढ्यात नारळ मांडला. बाहेरचे लोक आमच्याविषयी म्हणतात की हे नवं काही स्वीकारत नाहीत. अहो, आम्ही स्पीकरला कुंकू लावलं, याहून जास्त काय स्वीकारायचं?

अडचण एकच होती. गाण्यात नावं प्रतिक्षाची आणि तिच्या नवऱ्याची होती. ती जागा आली की तुषार आवाज बारीक करी आणि बसलेल्या सवाशिणी खरी नावं मोठ्यानं ओरडत. त्यांना जागा नेमकी ठाऊक नव्हती. कधी आधी ओरडत, कधी नंतर, आणि एका लग्नात तर प्रतिक्षाचं दुसऱ्यांदा लग्न लागतं की काय अशी वेळ आली. लोक हसले. मावशी कुडाच्या पलीकडे इतर विधवा बायांबरोबर बसली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आत्ता नाय गं, आत्ता नाय," असं ती स्वतःशीच म्हणत होती. तिचंच गाणं भिंतीपलीकडे चुकत होतं आणि तिला उठून नीट करता येत नव्हतं.

लग्न संपल्यावर धवलेरीचं लुगडं पाटावर ठेवायचं असतं. ते ठेवलं. आता पाटावर स्पीकर, म्हणजे ते स्पीकरचं. हारुनभाई भला माणूस. तो ते लुगडं घेऊन माझ्या शाळेत आला. "मॅडम, मी स्पीकर भाड्यानं देतो, लग्नं नाही लावत. ये उस अम्मा का हक है." मी ते मावशीकडे घेऊन गेले. तिनं पदरावरून हात फिरवला, काठ बघितला आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं. "हिरवं हाय," म्हणाली. "मी कुठं नेसू?"

मला संताप आला. कुणावर, हे मात्र कळेना. माघ्याबाबावर? त्यानं तर तिचा आवाज राखला होता. तुषारवर? हारुनभाईवर? सगळे आपापल्या परीनं चांगलंच वागत होते, आणि त्या चांगुलपणातून एक बाई सपशेल बाहेर पडली होती.

यंदा सपनाचं लग्न ठरलं. सपना मावशीची एकुलती लेक. बारावी झाली आणि जव्हारला एका कापडाच्या दुकानात लागली. तिथं माल पोचवायला येणारा वांगणीचा गोरख तिला आवडला. पोरगा सरळ आहे, बोलतो कमी. मावशी म्हणायची, "हिनं बापासारखाच शोधला." सपनानं एकच अट घातली. "माझं लग्न आयस लावंल. मशीन नाय."

मावशीला तरी दुसरं काय हवं होतं? पाड्यापाड्यातल्या पोरींची लग्नं तिनं लावली होती आणि आपल्या पोरीचं नाव देवांसमोर घ्यायचं राहिलं होतं. ती माघ्याबाबाकडे गेली. मी बरोबर होते. ती त्याच्या ओट्यावर बसली नाही, खाली अंगणात उकिडवी बसली. तिला मी असं बसलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"एकच लग्न," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं. मंग गळा कापून टाक माझा."

माघ्याबाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, आलं. पण तो म्हणाला, "गंगे, सकू उठली तव्हा तूच बसलीस ना पाटावर? मंग आता मी काय करू?"

तिथं बसलेल्या एका म्हातारीनं सुचवलं की मावशीनं पाट लावावा, म्हणजे दुसरा नवरा करावा. आमच्यात पुनर्विवाहाला बंदी नाही. मावशी म्हणाली, "पोरीच्या लग्नासाठी मी लगीन करू व्हय? वऱ्हाड कोनाचं आन् जेवन कोनाचं?" तीही हसली, आम्हीही हसलो. मग माघ्याबाबानं मान हलवली. पाटाची सवाशीण चौकाला चालत नाही.

परत येताना मी वाटेत भांडले. "मावशी, तू गा. बस पाटावर. कोण अडवतं ते मी बघते. एवढी मोठी धवलेरी तू, आणि घाबरतेस?"

ती चालायची थांबली. "आन् पोरीचं काय झालं तं? गोरखला काय झालं तं? तव्हा पन तूच बघशील?"

मला वाटत होतं की रूढी बाहेर उभी आहे, माघ्याबाबाच्या ओट्यावर. ती मावशीच्या आतच होती, आणि लेकीच्या काळजीत इतकी मिसळली होती की वेगळी काढताच येईना.

तोडगा तुषारनंच काढला. आता मोबाइलात असं काही आलंय म्हणाला, की कुणाचा आवाज एकदा दिला की त्या आवाजात आपण लिहू ते बोलून घेता येतं, गाऊनही घेता येतं. मावशीच्या त्या जुन्या गाण्यात प्रतिक्षाच्या जागी सपना घालता येईल, मावशीच्याच गळ्यात. आता बायांनी ओरडायला नको. त्यानं ठाण्याहून एक तुकडा करून आणला आणि माघ्याबाबाला ऐकवला. मावशीचा आवाज 'सपना गो सपना' म्हणाला. हुबेहूब, घोगरेपणासकट.

माघ्याबाबानं विचारलं, "हे कव्हा बोलली ती?"

तुषार गडबडला. खरं तर ती कधीच बोलली नव्हती. पण बाबाला यंत्र समजावून सांगणं म्हणजे दिवस घालवणं. "त्याच गळ्यातनं काढलंय, बाबा. तेव्हाचाच गळा आहे."

"म्हंजे तव्हाचं बोलनं?"

"तसंच समज."

"मंग चालंल," बाबा म्हणाला.

सपनालाही ते पटलं. आयस नाही तर आयसचा आवाज, आणि निदान नाव तरी नीट येईल. मावशी 'बरं' म्हणाली. ऐकायचं नको म्हणाली. तुषारनं बाकीची नावं सपनाकडूनच मागवली, नवऱ्याच्या बापाचं, गावाचं आणि तिच्या बापाचं. तिनं ती मोबाइलवर लिहून पाठवली. तिला आपला बाप आपल्या लग्नात हवा होता. कुठल्या लेकीला नको असतो?

लग्नाच्या दिवशी सकाळी पूर्ण गाणं तुषारच्या मोबाइलात उतरलं. आमच्याकडं रेंज टेकाडावर मिळते. तो टेकाडावरून धावतच आला आणि थेट हारुनभाईच्या स्पीकरला मोबाइल जोडून दिला. कुणी आधी ऐकलं नाही. वऱ्हाड आलं होतं, बाया चौकाला शेवटचे ठिपके देत होत्या, स्पीकर कुंकू लावून पाटावर तयार होता.

मी आत बसले नाही. रागानं म्हणा हवं तर. कुडाच्या पलीकडे मावशीशेजारी बसले. गाणं सुरू झालं आणि मावशीचे ओठ हलू लागले. आत तिचा आवाज, बाहेर तिचे ओठ. हिरवा आला, हिमाई आली, कणसरी आली. ती डोळे मिटून त्यांना जागा करून देत होती. तिच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी जीव आला होता. मला वाटलं, चला, हेही काही वाईट नाही.

मग ती जागा आली. "कोनाची गो लेक, कोनाची?" मावशीचे ओठ इथवर हलले.

"सावळ्याची गो लेक," स्पीकर म्हणाला, "सावळ्याची लेक सपना."

मावशीनं डोळे उघडले.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तसं महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, पण शहरात आता त्याचं कौतुकाचं लाजणं झालंय. आमच्याकडं ते लाजणं नाही. बायकोच्या तोंडून नाव निघालं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं उणं होतं, अशी ती धास्ती आहे. मावशी ती जिवापाड पाळायची. एका लग्नात नवऱ्याच्या बापाचं नाव सावळा होतं, तर तिनं देवांना 'माझ्या घरधन्याच्या मितवाचा लेक', म्हणजे त्याच्याच नावाच्या माणसाचा लेक, असं सांगितलं होतं आणि देवांनी ते चालवून घेतलं होतं. बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती सपनाला पुढं ढकलायची. मावसा गेल्यावरही तिनं ते नाव उच्चारलं नव्हतं. रडतानासुद्धा नाही.

नावं तीनदा घ्यायची असतात. स्पीकरनं तीनदा घेतली. भर मांडवात, देवांसमोर, मावशीच्या गळ्यानं. आतल्या सवाशिणी पहिल्या वेळेलाच गप्प झाल्या होत्या. मी मावशीचा हात धरला. मला उठून स्पीकर बंद करावासा वाटला, पण लग्न अर्ध्यावर थांबवायचं? नावं अर्धी राहिली तर? मी बसूनच राहिले.

लग्न लागलं. वाजंत्री सुरू झाली. सपना गोरखला घेऊन कुडाला वळसा घालून मावशीच्या पाया पडायला आली. रडून तिचं बाशिंग ओलं झालं होतं आणि ती इतकी आनंदात होती की बघवत नव्हतं. "आयस, ऐकलंस? बा पन व्हता," म्हणाली. मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "व्हता ना."

जेवणाच्या पंगतीत कुजबुज सुरू झाली. तोंड पहिलं उघडलं ते कुडाच्या कडेला विधवांच्या ओळीत जेवणाऱ्या सकूआजीनं. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. म्हातारी आपली पत्रावळीवरच्या भाताचे घास करता करता म्हणाली, "गळा तव्हाचा ना? सावळा जिता व्हता तव्हाचा. म्हंजे तव्हाच घेतलं व्हतं हिनं नाव." एवढंच बोलून ती जेवायला लागली. पण शेजारणीनं ते उचललं, तिच्या शेजारणीनं उचललं, आणि पंगत उठेपर्यंत सगळ्यांना मावशाच्या काविळीचं कारण सापडलं होतं. तरीच औषध लागू पडलं नाही. तरीच घाटात जीव गेला.

मी तुषारला ओढतच तिथं आणलं. तो बिचारा पांढराफटक पडला होता. तो सगळ्यांना सांगू लागला की मावशीनं हे नाव कधी घेतलंच नाही, हे यंत्रानं बनवलंय, मावशीला ठाऊकही नव्हतं.

"तूच म्हनालास तव्हाचं बोलनं," एक बाई म्हणाली.

"ते मी सोपं करून सांगितलं. खरं तर मावशी नाही बोलली. यंत्र बोललं."

माघ्याबाबा कोपऱ्यात बसला होता. तो हळूच म्हणाला, "तुषार, पोरा, नीट विचार करून बोल. यंत्र बोललं असंल, तं सपनाचं नाव पन यंत्रानंच घेतलं. मंग हे लगीन कोनी लावलं?"

गोरखचा बाप जेवता जेवता थांबला. त्याच्याकडची माणसं एकमेकांकडं बघू लागली. माघ्याबाबा धमकी देत नव्हता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याला स्वतःलाच उत्तर हवं होतं. गळा मावशीचा असेल तर सपना लग्नाची आणि मावशी नवऱ्याला खाणारी. गळा मावशीचा नसेल तर मावशी निर्दोष आणि सपना बाशिंग बांधलेली कुवारी. मी जव्हारच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. मी तिथं उभी होते आणि माझं तोंड उघडेना, कारण मी जे काही खरं सांगितलं असतं, त्यानं दोघींपैकी एक बुडणार होती.

तुषारनं माझ्याकडं पाहिलं. तो बोलणार एवढ्यात मावशी कुडाच्या आडून पुढं आली. विधवेनं पंगतीत यायचं नसतं, पण ती आली.

"यंत्राला काय कळतंय?" ती म्हणाली. "माझाच गळा हाय तो. तव्हाचा. मीच बोलले."

"मावशी," मी म्हणाले.

"तू गप, शेंबडे. मीच नाव घेतलं. गाताना तोंडातनं गेलं." मग ती गोरखच्या बापाला म्हणाली, "पाव्हना, जेव. लगीन लागलंय."

तो जेवायला लागला. सगळे जेवायला लागले. लग्न लागलं होतं.

त्यानंतर मावशीकडे बाया पाणी मागायला थांबत नाहीत. कुणी तिला उघड बोलत नाही, आणि शिवीही देत नाही. तुषार ठाण्याला गेला तो अजून पाड्यात आलेला नाही. पण ते तंत्र मात्र राहिलं. आता जिथं लग्न असतं तिथून त्याला नावं जातात आणि तिकडून मावशीच्या गळ्यात गाणं बनून येतं. बापाचं, गावाचं, सगळं बिनचूक. हारुनभाई म्हणतो, वांगणीपासून पार त्या बाजूच्या पाड्यांपर्यंत तोच आवाज आहे. मावशी यापुढं एक अक्षर गायली नाही तरी लग्नं अडणार नाहीत. ती मेली तरी अडणार नाहीत.

सपना सासरी खुशीत आहे. पंगत बसली तेव्हा ती आत घरात होती, आणि बाहेर काय झालं ते तिला कुणी सांगितलेलं नाही. मावशीनंच सगळ्यांना तशी शपथ घातली आहे.

परवाच्या रविवारी मी मावशीकडे गेले होते. ती नागली पाखडत होती. मी शेजारी बसून खडे काढत होते. सूप हलवता हलवताच ती म्हणाली, "पाटावर बसले की मला माझं भान नसायचं. देव यायचे, तव्हा मी काय बोलायचे ते मलाच कळायचं नाय."

"हो, माहीत आहे."

"मंग बोलले असंन का गं मी कव्हातरी? त्याचं नाव? तो खांबाला टेकलेला असताना?"

मी सूप तिच्या हातातून घेऊन खाली ठेवलं. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. यंत्र काय करतं, आवाज कसा उचलतं, न बोललेलं कसं बोलवतं. आमच्या बोलीत सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही.

"पन गळा माझाच व्हता ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.